लॉगिनच्या वेळी कोटा तपासताना

कोटाची, म्हणजे प्रत्येकाला ठरवून दिलेल्या डिस्कवरच्या जागेची, तपासणी लॉगिनला लावतोयस, चांगलं आहे. पण नुसती 'कोटा' कमांड टाकू नकोस. रोज तोच तक्ता दिसला की लोक वाचणं सोडून देतात. 'कोटा -क्यू' वापर, मर्यादा ओलांडली असेल तरच ती तोंड उघडते.

खरी गोम एनएफएसची, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची डिस्क नेटवर्कवरून वापरण्याच्या सोयीची. होम डिरेक्टरी दुसऱ्या सर्व्हरवर असेल आणि तो झोपला असेल, तर कोटा उत्तराची वाट बघत बसते आणि माणूस प्रॉम्प्टसाठी ताटकळतो. माझं एकदा असं झालं होतं, आणि दुरुस्तीसाठी मलाच आत शिरता येईना! तेव्हापासून मी कमांडच्या आधी 'टाइमआउट ५' लावतो, म्हणजे पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर ती थांबवली जाते. स्थानिक डिस्कच तपासायची असेल तर लिनक्सवर 'एल' पर्याय आहे, तो नेटवर्कवरच्या डिस्क वगळतो.

ही ओळ प्रोफाइलमध्ये (लॉगिनला चालणारी फाइल) ठेव, बॅशआरसीमध्ये (बॅश शेलची सेटिंग फाइल) नको. बॅशआरसीतून काही छापलं गेलं की एससीपी, आरसिंक ही फाइली पाठवायची साधनं गोंधळतात.

आणि हो, सॉफ्ट मर्यादा (काही काळ ओलांडता येणारी) ओलांडली तरी डिस्कवर लिहिता येतं, पण सवलतीची मुदत संपेपर्यंतच. लिनक्सवर ती मूळात ७ दिवसांची असते. वापरकर्त्यांना हे आधीच सांगून ठेव.