किटन स्पेस एजन्सीचं केरबल २ होईल का?

तुमचा प्रश्न: किटन स्पेस एजन्सी नावाचा रॉकेट बांधून उडवण्याचा गेम येतोय, तर त्याचंही केरबल स्पेस प्रोग्रॅम २ (पुढे नुसतं केरबल २) या अर्धवट राहिलेल्या तशाच गेमसारखं होईल का, आणि त्यासाठी आत्तापासून नवा पीसी जुळवून ठेवावा का?

पीसीचं लगेच निकालात काढतो. नको. गेम इतका कच्चा असताना ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी हॉल बुक करणं. पूर्ण गेम येईपर्यंत त्याची गरजही बदलेल आणि कार्डांचे भावही.

आता मुख्य प्रश्न. माझ्या मते जे केरबल २ चं झालं तेच याचं होणार नाही. याचं दुसरंच काहीतरी बिघडू शकतं, आणि ती शक्यता मला जास्त खरी वाटते.

आधी केरबल २ चं काय झालं ते. मूळ केरबल २०११ साली मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीतून आला. ती मुळात मार्केटिंगचं काम करणारी कंपनी. तिथे नोकरीला असलेल्या फेलिपे फलांगे या ब्राझिलियन माणसाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. पहिली आवृत्ती अगदीच किरकोळ होती, पण रॉकेट उडायचं आणि पडायचं ते खऱ्या नियमांनी. १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. तोवर नासाबरोबर लघुग्रह पकडण्याच्या मोहिमेचा एक भाग गेममध्ये येऊनही गेला होता. २०१७ मध्ये टेक-टू या मोठ्या गेम-कंपनीने केरबलचे हक्क विकत घेतले.

ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीत गेम्सकॉम या गेमच्या मेळ्यात केरबल २ चा ट्रेलर आला. तो अजून शोधून बघा, फार सुंदर आहे. दुसऱ्या ताऱ्याकडे झेपावणारी जहाजं, परग्रहावरच्या वसाहती, मित्रांबरोबर खेळायची सोय, सगळं कबूल केलेलं. फक्त त्या ट्रेलरमध्ये गेम नव्हता, ॲनिमेशन होतं. तारीख २०२० ची सांगितली. मग टेक-टूने काम स्टार थिअरी या स्टुडिओकडून काढून घेतलं, त्यांची बरीच माणसं आपल्या नव्या स्टुडिओत घेतली आणि स्टार थिअरी बंद पडला. तारीख सरकत सरकत फेब्रुवारी २०२३ वर आली. अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे गेम अपुरा असतानाच विकायला काढून), ५० डॉलरला, जे हातात पडलं त्यात तारे नाहीत, वसाहती नाहीत, मित्रही नाहीत. वातावरणात परत शिरताना यान तापायला हवं, तर तेही नाही. सुचवलेलं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८० सारखं महागडं, आणि लांब रॉकेट उडवलं की ते उकडलेल्या नूडलसारखं डुलायचं (हे वर्णन माझं नाही, खेळणारे सगळे तसंच म्हणायचे). डिसेंबर २०२३ च्या अपडेटने गेम बराच सावरला, पण २०२४ च्या मध्यावर स्टुडिओच बंद झाला. कबूल केलेल्या तीन मोठ्या गोष्टींपैकी एकही आली नाही.

बरेच लोक याचं खापर पैशावर आणि मॅनेजमेंटवर फोडतात. ते आहेच. पण मला वाटतं खरी गोम त्याखाली आहे, आणि ती कळली की नव्या गेमबद्दल अंदाज बांधणं सोपं जातं.

कॉम्प्युटर कुठल्याही वस्तूची जागा आकड्यांत ठेवतो. बहुतेक गेम इंजिनं (ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम उभे करतात ती) हे आकडे ३२ बिटांत ठेवतात, म्हणजे साधारण सात अंक धड राहतात. गाडीच्या किंवा बंदुकीच्या गेमला ते भरपूर झालं. पण तुम्ही मूळबिंदूपासून, म्हणजे जिथून अंतर मोजतात त्या शून्याच्या जागेपासून, १,००० किलोमीटर दूर गेलात, की सलग दोन जागांमधलं कमीत कमी अंतरच सुमारे ६ सेंटिमीटर होतं. मधली जागा अस्तित्वातच नाही. तुमच्या यानाचे दोन भाग एकमेकांना जोडलेले आहेत, आणि प्रत्येक क्षणी कॉम्प्युटर त्यांना ६ सेंटिमीटरच्या घरांत इकडेतिकडे ढकलतोय. जोड थरथरतो, थरथर वाढते, आणि यान कारण नसताना फुटतं. केरबलच्या जुन्या खेळाडूंनी या प्रकाराला क्रॅकन असं समुद्रराक्षसाचं नाव ठेवलं होतं. त्यावर तोडगा काढला तो असा: यान हलवायचंच नाही, मूळबिंदू यानाबरोबर ठेवायचा आणि सगळं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. या युक्तीला फ्लोटिंग ओरिजिन म्हणतात. फलांगेने स्क्वाड सोडल्यावर स्वतःचा जो स्टुडिओ काढला त्याचं नाव हेच ठेवलं. किती डोकं खाल्लं असेल त्या गोष्टीने, बघा.

केरबल २ पुन्हा मूळ केरबलच्याच युनिटी या तयार इंजिनावर उभा केला गेला. वर चकाचक ग्रह, खाली दुखणं तेच. आणि त्या पायावर त्यांना दुसरे तारे नि एकाच वेळी अनेक खेळाडू चढवायचे होते.

आता किटन स्पेस एजन्सी. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा रॉकेटवर्क्झ स्टुडिओ तो करतोय. डेझी या गेममुळे नाव झालेल्या डीन हॉलचा हा स्टुडिओ. केरबल हे नाव आणि ती हिरवी माणसं दुसऱ्या कंपनीच्या हक्कांत अडकलेली, म्हणून इथे अंतराळवीर मांजरं आहेत. मला मांजरं चालतात. फलांगे स्वतः या कामात आहे, आणि केरबलसाठी ढगांचे नि वातावरणाचे अफाट मॉड (खेळाडूंनीच गेममध्ये घातलेली भर) करणारा ब्लॅकरॅकही आहे. पण मला सगळ्यात आश्वासक वाटलं ते हे, की त्यांनी तयार इंजिन न घेता ब्रूटल नावाची स्वतःची चौकट बांधायला घेतली, आणि लोकांना पहिल्यांदा दाखवलं तेही हेच कंटाळवाणं काम: ग्रहाच्या जमिनीपासून कक्षेपर्यंत सलग जाणं, कक्षांची गणितं, वातावरण. ६४ बिटांत जागा ठेवली तर प्लूटोइतक्या अंतरावरही चूक साधारण एका मिलिमीटरची राहते. क्रॅकन तिथे जगूच शकत नाही, निदान या कारणाने तरी नाही.

म्हणून म्हटलं, केरबल २ सारखं होणार नाही. तिथे ट्रेलर आधी आला आणि गणित मागून. इथे क्रम उलटा आहे.

धोका आहे तो पुढचा. इंजिन बांधण्यात रमलेली माणसं गेम करायचा विसरतात. डीन हॉलचा इतिहास या बाबतीत संमिश्र आहे, आणि त्याचे चाहते ते सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. डेझीची स्वतंत्र आवृत्ती डिसेंबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसला आली, हॉल पुढच्याच वर्षी बाहेर पडला, आणि १.० यायला डिसेंबर २०१८ उजाडलं. २०१५ च्या ई-थ्री या गेमच्या मेळ्यात मायक्रोसॉफ्टच्या मंचावर आयन नावाचा त्याचा अवकाशातला गेम जाहीर झाला. तो कधीच आला नाही. दुसऱ्या बाजूला स्टेशनीअर्स आहे. हवेचा दाब नि वायूंचं मिश्रण सांभाळत अवकाशस्थानक चालवण्याचा हा गेम २०१७ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये आहे, आणि स्टुडिओने त्यावरचं काम वर्षानुवर्षं चालू ठेवलं. हा माणूस मधेच सोडूनही देतो आणि चिकटूनही बसतो. किटनच्या बाबतीत तो चिकटेल असं मला वाटतं, कारण अवकाशावर त्याचा जीव आहे हे दिसतं. पण हे माझं वाटणं झालं.

पैशाचं गणितही नेहमीसारखं नाही. गेम फुकट द्यायचा आणि ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढे द्यायचे, असा त्यांचा जाहीर इरादा आहे. आपल्यासाठी हे उत्तम, कारण आधी ५० डॉलर भरून वाट बघत बसायचा प्रश्नच नाही. स्टुडिओसाठी मात्र हे किती वर्षं परवडेल, हे त्यांच्या बाकीच्या गेमच्या विक्रीवर ठरणार.

आता थोडे माझे तर्क, कारण खरी मजा त्यातच आहे.

सूर्यमाला किती मोठी ठेवणार, यावर खूप वाद आहे. केरबलमधल्या घरच्या ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या साधारण एकदशांश. त्यामुळे तिथे कक्षेत जायला सुमारे ३,४०० मीटर प्रतिसेकंद एवढा डेल्टा-व्ही (इंधन जाळून वेगात करता येणारा एकूण बदल) पुरतो. पृथ्वीवरून तो ९,४०० च्या आसपास लागतो. हा फरक तिपटीपेक्षा कमी दिसतो, पण रॉकेटच्या समीकरणात इंधन घातांकाने वाढतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो नवख्या माणसाला रडवतो. किटनच्या सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांत खरी सूर्यमाला आहे. माझा अंदाज असा की शेवटी दोन्ही ठेवतील: शिकायला छोटी कल्पित सूर्यमाला आणि हौशी लोकांना खरी. खरीच सक्तीची केली तर पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी बरेच जण परत फिरकणार नाहीत.

दुसरा वाद गुरुत्वाकर्षणाचा. मूळ केरबलमध्ये यानाला एका वेळी एकच ग्रह किंवा उपग्रह ओढतो. चंद्राच्या हद्दीत शिरलात की पृथ्वीची ओढ एकदम शून्य. यामुळे कक्षा स्वच्छ राहतात, पुढची दहा वर्षं काही सेकंदांत पळवता येतात. पण या गणितात लॅग्रांज बिंदूच नसतात, म्हणजे दोन मोठ्या गोलांच्या ओढी जिथे जुळून यान त्यांच्याबरोबर फिरत राहतं त्या जागा. म्हणजे आपली आदित्य-एल१ मोहीम, जी जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्य नि पृथ्वी यांच्या ओढींच्या हिशोबावर फिरायला लागली, ती मूळ केरबलमध्ये करताच येत नाही. प्रिन्सिपिया नावाचा मॉड टाकला तर येते, पण मग तुमच्या उपग्रहांच्या कक्षा हळूहळू सरकत राहतात आणि त्या सांभाळत बसावं लागतं. किटनमध्ये हे मुळातच येईल अशी आशा बरेच जण धरून आहेत. मला नाही वाटत. फार तर मॉड करणाऱ्यांना दार उघडं ठेवतील, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

मंगळयान मात्र जुन्या गणितातही झकास जमतं, आणि मी कुणालाही हा गेम शिकवायला तेच वापरतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये पीएसएलव्हीने मंगळयानाला पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळात सोडलं. यानावरचं इंजिन अवघं ४४० न्यूटनचं. मग इस्रोने प्रत्येक वेळी पृथ्वीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपाशी थोडं थोडं इंजिन चालवून दूरचा बिंदू साडेतेवीस हजारांवरून एक लाख नव्वद हजार किलोमीटरच्या पलीकडे नेला, आणि १ डिसेंबरला मंगळाकडे शेवटचा धक्का दिला. मध्ये एक प्रयत्न कमी पडला, तर दुसऱ्या दिवशी जादा प्रज्वलन करून भरपाई केली. जवळच, वेग जास्त असतानाच इंजिन का चालवायचं, हे पुस्तकात वाचून माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. गेममध्ये चुकीच्या जागी इंधन जाळून टाकी रिकामी झाली की आपोआप शिरतं. किटनमधून मला हेच हवंय. ढग कितीही छान असोत, हे शिकवता आलं नाही तर मला त्यात रस नाही.

तेव्हा नव्या चाचणी आवृत्त्यांचे व्हिडिओ बघताना ग्रहांच्या कडांवरच्या उजेडाला भुलू नका. यानाचा एखादा भाग आपटल्यावर तुटतो का, की नुसता गायब होतो? वेळ पळवत असताना इंजिन चालू ठेवता येतं का? (आयन इंजिन अगदी हळू ढकलतं, त्यामुळे ते फार वेळ चालवावं लागतं; तसल्या मोहिमा यावाचून म्हणजे शिक्षाच.) दोन मोठी यानं जोडल्यावर जोड स्थिर राहतो का? आणि करिअर, विज्ञान, पैसे, यातलं काही दिसायला लागलं का? हे शेवटचं दिसेपर्यंत तो गेम नाही, फार सुरेख इंजिन आहे असं समजा.

तोपर्यंत मूळ केरबल घ्या. स्टीमवर सेलमध्ये बराच स्वस्त मिळतो, आणि चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवरही चालतो. सायन्स मोडपासून सुरुवात करा, कारण सँडबॉक्समध्ये एकदम सगळे भाग समोर आले की माणूस गोंधळतो. उड्डाण झाल्यावर सरळ वर जात राहू नका, वेग १०० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास गेला की हळूहळू पूर्वेकडे कलायला लागा. पहिली काही रॉकेटं समुद्रात पडतील, त्याची काळजी करू नका. गेममधल्या ‘मन’ नावाच्या चंद्रावर उतरलात की इथेच प्रतिक्रियेत लिहा. परत यायला इंधन उरलं नसेल, तर सोडवायला दुसरं यान कसं पाठवायचं ते सांगेन.