खोलीभाडं वाढलं आणि सगळं बिल कापलं गेलं

प्रश्न : सासूबाईंचं (वय ७२) पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पॉलिसी तीन लाखांची, बिल १,२०,००० रुपयांचं. तरी कंपनीनं ७५,६०० रुपयेच दिले. बाकीचे का कापले? कागद सोबत जोडले आहेत. त्यांना सरकारी कार्ड निघेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, कागद दोनदा वाचले. एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेमच्या खिडकीमागे मी अठरा वर्षं बसले, हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी रोज यायचं.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. तुम्ही खोली घेतलीत ५,००० ची. चार दिवसांचे जास्तीचे आठ हजार आपण भरू, असं वाटलं असेल. पण सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग यांचे दरही बहुतेक ठिकाणी खोलीप्रमाणे चढतात, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते, पाचातले तीनच देते. हेच ते ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. तुमच्या या खर्चाच्या ६०,००० चे ३६,००० झाले ते यामुळे. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. तिथल्या ४०,००० मधले चार हजार हातमोजे, मास्क यांत गेले, ते कंपनी देत नाही. खोलीचे १२,०००, वरचे ३६,००० आणि औषधं-तपासण्यांचे ३६,००० मिळून राहिले ८४,०००. त्यातून १० टक्के को-पे, म्हणजे दर क्लेमला तुम्ही उचलायचा वाटा. आकडा जुळतो.

तरी एक करा. तुमच्या हॉस्पिटलात सगळ्या खोल्यांना ऑपरेशनचा दर एकच असेल, तर ही प्रमाणात कपात करताच येत नाही. विमा नियामकाचा तसा नियम आहे. बिलिंगकडून लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवा. कापलेल्या २४,००० तून को-पे वजा जाता २१,६०० चा प्रश्न आहे, लाजू नका.

कार्ड निघेल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आधार कार्ड लागतं. चौकशीचा नंबर १४५५५. मात्र हे फक्त योजनेतल्या हॉस्पिटलात आणि दाखल झाल्यावरच. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. आधी बिल भरून मागाहून कार्ड दाखवलं, तर पैसे परत मिळत नाहीत. या ऑपरेशनचे तर आता नाहीच.