व्हॅन बास्टन २८ व्या वर्षीच का थांबला?

प्रश्न : नेदरलँड्सचा जुना स्ट्रायकर मार्को व्हॅन बास्टन, त्याचे गोल हल्ली मोबाईलवर सारखे समोर येतात, बघून वेड लागतं. पण शोधलं तर कळलं की त्याची शेवटची मॅच २८ व्या वर्षी झाली. मेस्सी ३५ व्या वर्षी वर्ल्ड कप जिंकतो, मग याचं असं काय झालं? इटलीत कुणीतरी मागून पाय घातला आणि करिअर संपलं म्हणतात, ते खरंय का?

उत्तर : अर्धंच खरंय. इटलीतले डिफेंडर त्याला मागून तुडवायचे आणि रेफ्री बऱ्याचदा नुसती फ्री किक देऊन मोकळे व्हायचे, हे बरोबर. पण दुखण्याची सुरुवात इटलीत झालीच नाही. घोटा दुखावला तो डिसेंबर १९८६ मध्ये, अजॅक्स या डच क्लबकडून ग्रोनिंगनविरुद्ध खेळताना, आणि तेही त्याने स्वतःच केलेल्या टॅकलमध्ये.

तेव्हा तो जेमतेम २२ वर्षांचा होता आणि आधीच्या सीझनला त्याने डच लीगमध्ये २६ मॅचमध्ये ३७ गोल केलेले, असा प्लेअर बाहेर बसवायचा कुणी? कोच होता योहान क्रायफ, ज्याच्या जागी सब्स्टिट्यूट म्हणून उतरून १९८२ मध्ये याने अजॅक्सच्या सीनियर टीमसाठी पहिला गोल मारला होता. मे १९८७ मध्ये अथेन्सला कप विनर्स कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या एका स्पर्धेची, फायनल झाली, समोर पूर्व जर्मनीची लाइपझिगची टीम, मॅच १-० ने सुटली आणि तो एकमेव गोल व्हॅन बास्टनचा, हेडरने. घोटा तोपर्यंत बरा झालेलाच नव्हता. माझ्या मते त्याच्या करिअरमधले सगळ्यात महागात पडलेले महिने हेच. घोट्याच्या सांध्यातली गादी, म्हणजे कार्टिलेज, एकदा झिजली की पहिल्यासारखी भरून येत नाही, आणि दुखऱ्या घोट्यावर धावणं, उडी मारणं, वळणं चालूच ठेवलं की झीज वाढतच जाते.

मग तो इटलीतल्या मिलान क्लबला गेला आणि पहिल्याच सीझनला ऑपरेशन, लीगच्या फक्त ११ मॅच खेळता आल्या. लोकांना १९८८ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, आठवते पण हा माणूस तिथे आला तो जवळजवळ अख्खा सीझन घरी बसून, म्हणून तर कोच रायनस मिशेल्सने सोव्हिएत युनियनविरुद्धच्या पहिल्या मॅचला त्याला बेंचवर ठेवलं होतं. ती मॅच नेदरलँड्स हरलं. पुढच्या मॅचला तो सुरुवातीपासून खेळला आणि इंग्लंडला हॅटट्रिक हाणली, मग हॅम्बुर्गला सेमीफायनलमध्ये पश्चिम जर्मनीचा डिफेंडर कोलर याच्या पुढे घसरत जाऊन अगदी शेवटी शेवटी विजयी गोल. आणि फायनलमध्ये, पुन्हा सोव्हिएत युनियनविरुद्ध, ती व्हॉली! टीममेट आर्नोल्ड म्युरेनचा डावीकडून आलेला क्रॉस खूप उंच आणि लांब गेला होता, व्हॅन बास्टन उजव्या बाजूला इतका कडेला की गोलपोस्टचा अँगल जवळपास बंद, कुणीही तो बॉल छातीवर घेऊन थांबवला असता. याने जमिनीला लागूच दिला नाही, थेट मारला, आणि तो दासायेवसारख्या गोलकीपरच्या डोक्यावरून लांबच्या पोस्टच्या आत. मिशेल्सने तोंडावर हात फिरवला, त्याचाही विश्वास बसत नव्हता.

त्यानंतरची चार-साडेचार वर्षं म्हणजे काय सांगू. मिलानसोबत १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप (यालाच पुढे चॅम्पियन्स लीग म्हणू लागले), १९९१-९२ ला एकही लीग मॅच न हरता इटलीचं विजेतेपद आणि त्या सीझनला याचे २५ गोल, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बॅलन डी'ऑर तीनदा, १९८८, १९८९ आणि १९९२. नोव्हेंबर १९९२ मध्ये एकाच महिन्यात नापोलीविरुद्ध चार आणि चॅम्पियन्स लीगमध्ये गोटेबोर्गविरुद्ध चार गोल, त्यातला एक उलटी कात्री (बायसिकल किक) मारून. तेव्हाचा व्हॅन बास्टन हा मी बघितलेला सगळ्यात पूर्ण सेंटर फॉरवर्ड, उंची, दोन्ही पाय, हेडर, पास, सगळंच.

पुढच्याच महिन्यात परत ऑपरेशन. वसंतात परतला, थोडाच खेळला, आणि २६ मे १९९३ ला फ्रान्सच्या मार्सेविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल ही शेवटची मॅच ठरली, मिलान ०-१ ने हरलं. म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम, म्हणजे जिथे ती व्हॉली मारली होती तेच. नंतर पुन्हा ऑपरेशन, दोन वर्षं उपचार, पण काही जमेना. ऑगस्ट १९९५ मध्ये निवृत्ती जाहीर करून त्याने मिलानच्या सॅन सिरो स्टेडियमवर साध्या कपड्यांत एक फेरी मारली तेव्हा कोच फाबियो कापेलो ढसाढसा रडला. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट रेड कार्ड हे नियमात स्पष्टपणे आलं १९९८ मध्ये. त्याचा फायदा पुढच्या स्ट्रायकर्सना झाला, याला नाही.

प्रश्न : एवढा भारी होता तर वर्ल्ड कपमध्ये का नाही चमकला?

उत्तर : एकच वर्ल्ड कप खेळला, १९९०, आणि त्यात शून्य गोल. त्याला दोष द्यायला माझं मन होत नाही, अख्खी टीमच बिनसलेली, ग्रुपमधल्या तिन्ही मॅच ड्रॉ आणि मग पश्चिम जर्मनीकडून पराभव. १९९४ ला तो फिटच नव्हता. कोच म्हणून मात्र २००६ च्या वर्ल्ड कपला गेला, तिथे पोर्तुगालने बाहेर काढलं.

प्रश्न : नुसत्या क्लिप नकोत, पूर्ण मॅच बघायची तर कुठली?

उत्तर : १९८८ ची पश्चिम जर्मनीविरुद्धची सेमीफायनल. फायनल नंतर बघा. सेमीमध्ये कोलर त्याला पूर्ण मॅचभर चिकटलेला असतो आणि व्हॅन बास्टन बॉल नसताना कसा हलतो, बॉक्समध्ये कधी थांबतो आणि कधी अचानक पळतो, ते नीट दिसतं. त्यानंतर १९८९ ची युरोपियन कप फायनल, स्टेआवा बुखारेस्टविरुद्ध ४-०, दोन गोल टीममेट गुलिटचे आणि दोन याचे.