मिनी डीव्ही कॅसेटवरचे जुने चित्रण मोठे करून यूट्यूबवर टाकल्यास दर्जा टिकतो का?

आपला प्रश्न असा आहे की, २००५ साली मिनी डीव्ही कॅमेऱ्याने घेतलेले गणपती मिरवणुकीचे चित्रण यूट्यूबवर धूसर आणि चौकटी-चौकटींचे दिसते; तेच ४के (सुमारे २१६० ओळींचे) करून चढवले तर सुधारेल का? सुधारेल, पण त्यासाठी ४केपर्यंत जाण्याची गरज नाही, आणि सुधारण्याचे कारणही बहुतेकांना वाटते ते नाही.

कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते चित्र मोठे केल्याने त्यात येत नाही. फायदा होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. यूट्यूब आपली फाइल जशीच्या तशी दाखवत नाही. ती पुन्हा कॉम्प्रेस करून वेगवेगळ्या आकारांच्या प्रती तयार करते आणि लहान प्रतींना बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्चायची माहिती, देताना हात फार आखडता घेते. डीव्हीचे चित्र ७२० × ५७६ असते. ते तसेच चढवले, तर प्रेक्षकाला जास्तीत जास्त ४८० ओळींची प्रत मिळते, म्हणजे हाती असलेल्या ओळीही कमी होतात. तेच १९२० × १४४० करून चढवले, तर १४४० ची प्रत तयार होते आणि तिला बिटरेटही पुष्कळ जास्त मिळतो. पडदा लहान असला, तरी प्रेक्षकाने ही प्रत निवडली की चौकटी बऱ्याच कमी होतात.

खरी मेहनत मात्र मोठे करण्याच्या आधीची आहे. आपला कॅमेरा पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा, म्हणजे इंटरलेस्ड चित्रण करणारा असणार. त्यातली प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. सम ओळी एका क्षणीच्या आणि विषम ओळी त्यानंतर एक पन्नासांश सेकंदाच्या. घरच्या कॅसेटवर पहिला प्रयोग करताना मी हे लक्षात न घेता चित्र थेट मोठे केले, तेव्हा लेझीम खेळणाऱ्या मुलांच्या मनगटांपाशी कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटल्या, आणि एकदा मोठ्या झालेल्या त्या रेषा नंतर कशानेही गेल्या नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे करावीत, आणि तेही सेकंदाला २५ नव्हे, तर ५० फ्रेम मिळतील अशा पद्धतीने. एफएफएमपेग या मोफत प्रोग्राममधला बीडब्ल्यूडीआयएफ (bwdif) हा फिल्टर हे काम चांगले करतो. हँडब्रेक हा प्रोग्राम वापरत असाल, तर डीइंटरलेसचा ‘बॉब’ हा पर्याय निवडावा. डीव्हीत खालचे फील्ड, म्हणजे सम ओळींचे अर्धे चित्र, आधी येते. तो क्रम चुकला, तर मिरवणूक पुढे-मागे हिसके देत चालताना दिसेल.

त्यानंतर संध्याकाळच्या अंधुक उजेडातली खरखर हलक्या हाताने कमी करावी, कारण ती मुंग्यांसारखी वळवळ बराच बिटरेट खाते. मग चित्र मोठे करावे. त्यासाठी लँक्झॉस (Lanczos) ही चित्र मोठे करण्याची साधी पद्धत पुरते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही मी वापरून पाहिली. त्यांतल्या एकाने आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून तिला मेणाची बाहुली केली आणि मंडळाच्या फलकावरची देवनागरी अक्षरे कोणत्याच लिपीत नसलेल्या आकारांत बदलून टाकली. तेव्हापासून घरच्या चित्रणाला मी ती लावत नाही.

मोठे करतानाच रंग नोंदवण्याची बीटी ६०१ ही जुन्या टीव्हीची पद्धत बदलून बीटी ७०९ ही एचडीची पद्धत करावी. नाहीतर भगव्या फेट्यांचा रंग थोडा सरकतो. चित्र ४:३ चेच ठेवावे. बाजूला काळे पट्टे जोडू नयेत, कारण प्लेअर स्वतः जागा सोडतो.

हे सगळे झाल्यावर शेवटचे एन्कोडिंग एकदाच करावे. दर टप्प्याला एमपी४ काढत गेलो, तर दर वेळी थोडे गमावले जाते. एच.२६४ या कॉम्प्रेशन पद्धतीसाठी सीआरएफ (दर्जाचा आकडा; लहान तितका दर्जा चांगला) १६ च्या आसपास ठेवावा. १४४० ओळी आणि ५० फ्रेमसाठी यूट्यूबची शिफारस २४ एमबीपीएसची (सेकंदाला २४ मेगाबिट) आहे, तीपेक्षा फाइल थोडी जड झाली तरी चालते. आवाज एएसी या प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ.

एक शंका मात्र राहते. कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानदाराने आपल्याला एमपी४ किंवा डीव्हीडी दिली असेल, तर बरेचसे नुकसान तिथेच झालेले आहे. फायरवायर या केबलने कॅमेऱ्यातून संगणकावर घेतलेली मूळ डीव्ही फाइल तासाला सुमारे १३ जीबी भरते. आपली फाइल त्याहून फारच लहान असेल, तर कॅसेट पुन्हा उतरवून घेणे श्रेयस्कर.

संपूर्ण मिरवणूक चढवण्याआधी लेझमाचा तीस सेकंदांचा तुकडा ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसेल असा) ठेवून चढवून पाहावा. मोठी प्रत तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीच्या धूसर चित्रावरून निष्कर्ष काढू नये. सेटिंगमध्ये १४४० दिसू लागले की तो पर्याय निवडून मनगटांपाशी थांबून पाहावे.