शंका-समाधान : पॅड फिरवून नेम

प्रश्न : चिरंजीव कॉम्प्युटरला ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशनचा पॅड) लावून शूटिंगचे गेम खेळतात. मित्रांचं ऐकून स्टीममध्ये (गेम चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जायरो, म्हणजे पॅड फिरवून नेम धरायची सोय, चालू केला, तर पॅड हलवला नाही तरी नेम उजवीकडे सरकत राहतो. जेल रोडवरचा एक दुकानदार पॅडच बदला म्हणतो. बदलावा का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पैसे इतक्यात खर्च करू नका. आधी जायरो बंद करून पाहा. तरीही नेम सरकला तर दोष उजव्या स्टिकचा, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या दांडीचा. आतली पट्टी झिजली की स्टिक मध्यावर असूनही थोडा सिग्नल देत राहते. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल मोजलीच जात नाही तो पट्टा, थोडा थोडा वाढवा आणि सरकणं थांबेल तिथे ठेवा. जायरो बंद केल्यावर नेम जागेवर राहिला, तर मात्र पॅड ठणठणीत आहे, फक्त कॅलिब्रेशन, म्हणजे जायरोचं शून्य नव्याने ठरवणं, हवं.

जायरो हा पॅडमधला सेन्सर पॅडचा कोन मोजत नाही. पॅड सेकंदाला किती अंश फिरतोय तेवढंच सांगतो. ती गती जोडत जोडत कोन काढला जातो. पॅड स्थिर असला तरी आकडा अगदी शून्य येत नाही, आणि पॅड तापला की तोही बदलतो. सेकंदाला अर्ध्या अंशाची चूक म्हणजे मिनिटात ३० अंश. दारावर धरलेला नेम शेजारच्या भिंतीवर. म्हणून पाच-दहा मिनिटं खेळून झाल्यावर पॅड सपाट जागी ठेवा आणि स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमधून जायरो कॅलिब्रेट करा. हातात धरून करू नका, आणि सीपीयू घुमत असलेल्या टेबलावरही नको. ती थरथर मापात शिरते.

प्रश्न : पण जायरोने खेळात फरक तो काय पडतो? स्टिक आहेच की.
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : स्टिक एका बाजूला ढकलून धरली की नजर फिरतच राहते, नेमक्या क्षणी सोडता आली तर नेम बसतो. जायरोत मनगट जितकं वळेल तितकाच नेम वळतो, माउससारखा. म्हणून मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटचे चार-पाच अंश मनगटाने. २०१५ च्या स्प्लाटून या निन्टेंडोच्या गेमने ही जोडी बऱ्याच जणांच्या हाती बसवली.

सुरुवातीला तिप्पट संवेदनशीलता ठेवा : पॅड ३० अंश, पडद्यावर ९०. एक बटण जायरो थांबवायला राखून ठेवा. ते दाबून मनगट सरळ करायचं, माउस उचलून ठेवतो तसं. कोपर मांडीवर टेकवा, नाहीतर हात भरून येतात.

एक अडचण येतेच. जायरोला माउस केलं, म्हणजे त्याची हालचाल गेमला माउसची म्हणून पाठवली, की काही गेम पॅड आणि माउस एकत्र घेत नाहीत. पडद्यावरच्या बटणांची चित्रं सारखी बदलतात, चाल अडखळते. मग बाकीची बटणंही कीबोर्डच्या कळांना जोडा. जायरोला स्टिक करण्याचा पर्याय आहे, पण गेमचा डेडझोन बारीक हालचाल गिळतो. माउस केल्यावर गेमची नेम-मदत सहसा मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि नवा पॅड घेणार असाल तर एक्सबॉक्सचा घेऊ नका, त्यात जायरोच नाही.

प्रश्न : मोबाइलवर बीजीएमआय या शूटिंगच्या गेममध्ये जायरोस्कोप (जायरो) ‘स्कोप ऑन’ ठेवावा की ‘ऑलवेज ऑन’?

उत्तर : आधी ‘स्कोप ऑन’, म्हणजे बंदुकीच्या दुर्बिणीतून नेम धरतानाच जायरो चालू. धावताना फोन हलला तरी नजर भरकटत नाही. स्वस्त फोनमध्ये बरेचदा खरा जायरो नसतो. अ‍ॅक्सेलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) आणि होकायंत्रावरून अंदाज काढला जातो. तो मागे पडतो, आणि स्पीकरच्या चुंबकाजवळ तर पार चुकतो.