मेंदूचं ऑपरेशन आणि फक्त एक तास?

प्रश्न : डॉक्टर, सासरे ७४ वर्षांचे आहेत, दीड महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरले, टेंगूळ आलं आणि बसलं, पण आता आठ दिवस झाले डावा पाय ओढतायत, जेवलो की नाही तेही विसरतात. सीटी स्कॅनमध्ये डोक्यात रक्त साठलेलं दिसलं, दोन भोकं पाडून काढू, तासाभराचं काम आहे म्हणाले. आमच्या चाळीतल्या काकांचं मेंदूचं ऑपरेशन आठ तास चाललं होतं, मग हे एवढ्यात कसं उरकणार?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, उरकत नाहीयेत, हे ऑपरेशन असतंच तेवढं. वय झालं की मेंदू थोडा आकसतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि साध्या धक्क्याने एखादी फाटून रक्त हळूहळू झिरपत राहतं, म्हणून त्रास दीड महिन्याने दिसला. एव्हाना ते इंजिन ऑइलसारखं पातळ झालेलं असतं, भोकातून आपणहून बाहेर येतं, सलाईनने धुवायचं, एक-दोन दिवस नळी ठेवायची. मेंदूला हातही लावावा लागत नाही.

काकांचं बहुतेक गाठीचं असणार. कानाच्या नसेवरची गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटलेली असते, ती मायक्रोस्कोपखाली कण कण सोडवायची, त्यात आठ-दहा तास सहज जातात. पण आमचं रोजचं काम तसं नसतं हो, कमरेची सरकलेली गादी तास-दीड तास, डोक्यातलं पाणी पोटात सोडायची नळी, म्हणजे शंट, साधारण तासभर, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची, नाकातून काढायची गाठ दोन ते चार तास. आणि केईएम, सायन हॉस्पिटलला तर रात्री-अपरात्री लोकलमधून पडलेले, बाईकवरून पडलेले पेशंट येतात, तिथे घड्याळ बघायला वेळच नसतो.

एक मात्र सांगून ठेवते. तासभर म्हणजे टाका घालेपर्यंतचा तास. भूल, पोझिशन, नंतर शुद्धीवर आणून हात-पाय हलवतात का बघणं, हे धरून तुम्हाला बाहेर अडीच-तीन तास बसावं लागेल, तेव्हा घाबरू नका.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनना आजच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. दहातल्या एक-दोघांना पुन्हा रक्त साठतं, तेही आधीच विचारून घ्या. आणि तारखेआधी बाबा जास्त झोपाळू वाटले, उलट्या झाल्या, हाक मारून उठेनात, तर तारखेची वाट न बघता रात्री असली तरी लगेच न्या.