जुन्या नंबरचा फोन

‘बाप घरात नाही, मुलगा वाया तर जाणार नाही ना?’ हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या इतक्या आयांकडून ऐकलाय, की आता त्यांच्या खुर्चीत बसण्यावरूनच तो ओळखतो. (थोडी फुशारकी चालवून घ्या.)

बारा वर्षांच्या एका मुलाची आई अशीच आली. नवरा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग तोही थांबला. मुलाने विचारलं की ती सांगे, ‘कामात आहेत, येतील.’

चार भेटी मुलगा गप्पच होता. पाचव्या भेटीत दप्तरातून एक फोन निघाला. काच तडकलेली, झाकण रबरबँडने बांधलेलं.

‘हा कुणाचा?’

‘आईचा जुना. बाबांकडे हाच नंबर आहे.’

रोज रात्री तो फोन चार्जिंगला लावायचा.

पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात अशाच दुःखावर काम सुरू केलं: माणूस गेलाय म्हणता येत नाही, आहे म्हणता येत नाही. युद्धात बेपत्ता वैमानिकांच्या कुटुंबांसोबत त्यांनी काम केलं. पण त्याआधी त्यांना प्रश्न पडला होता, तो घरात असूनही नसलेल्या बापांचा. मी याच वाटेने जातो. माझ्या मते पोराला बापाच्या जाण्यापेक्षा ‘येतील’ हा शब्द जास्त पोखरतो.

आईची तयारी व्हायला तीन आठवडे लागले. मग माझ्यासमोर ती म्हणाली, ‘नंबर त्यांच्याकडे आहे. ते करत नाहीत. का, ते मला माहीत नाही. तू काही केलेलं नाहीस.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. माझी जीभ सांत्वनासाठी वळवळत होती. आवरली, हे माझं त्या दिवसाचं खरं काम. मुलगा रबरबँड ताणत राहिला. मग म्हणाला, ‘मग रोज चार्ज नको करू?’

‘तुला वाटेल तेव्हा कर. नंबर मी चालू ठेवते.’

आयांनो, बापाची जागा भरायला घाईने माणूस शोधू नका. मामा, शिक्षक, आजोबा, जो ठरल्या वेळी येतो तो पुरतो. बापाला मुलासमोर शिव्या नकोत, खोटी बाजूही नको. आणि ‘आता घरातला पुरुष तूच’ हे तर कधीच नको. समाज सगळं खापर बाप नसण्यावर फोडतो. पैशाची ओढाताण, सततची घरबदल आणि थकलेली आई कुणी मोजत नाही.

पुढच्या भेटीत फोन दप्तरातच होता, पण बंद.

‘आज रविवार नाही ना,’ तो म्हणाला.